चप्पल धाडायची: स्पीड पोस्टनं की ब्लू डार्टनं?

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधनं घेतलेला कापशी चपलांचा जोड दिल्लीच्या भाच्याला धाडायचा होता. टपाल खात्याचं स्पीड पोस्ट १९८६ चं. ब्लू डार्ट ही खासगी कुरिअर कंपनी त्याआधीची, १९८३ ची, मुंबईत निघालेली. खरी झेप तिनं १९९६ ला घेतली, स्वतःची मालवाहू विमानं उडवून. रात्री उडायचं, दिवसा वाटायचं. प्रवासी विमानात जागा मिळते का, हे बघत बसणं संपलं. घाईचे कागद मी तिकडंच देतो, खिसा जरा हलका होतो खरा. पण चपलेला कसली घाई? शिवाय चंदगडच्या वाडीवरही पोस्टमन पोचतोच. जोड कापडात गुंडाळून पोस्टात नेला. काउंटरवरच्या बाईंनी चामड्याच्या वासावरनंच ओळखलं, "चप्पल काय?"