जमा झटकन, हिशोब शोधून: कायदेशीर बेटिंग अ‍ॅपचा अभिप्राय

न्यू जर्सीत मी लोकांचे टॅक्स रिटर्न भरते. फेब्रुवारी ते एप्रिल माझ्या टेबलावर पगाराची पत्रकं, गृहकर्जाच्या व्याजाचे कागद आणि डे-केअरच्या पावत्यांचा ढीग असतो. गेल्या काही वर्षांत त्या ढिगात एक नवा कागद येऊ लागलाय: बेटिंग अ‍ॅपचं वर्षअखेरचं विन-लॉस स्टेटमेंट, म्हणजे जिंकल्या-हरल्याचा हिशोब. आणणारे बहुतेक तिशीतले पुरुष, आणि हा कागद पिशवीतून निघतो सगळ्यात शेवटी. असे बरेच कागद पाहिल्यावर दुकान आतून कसं आहे ते बघावंसं वाटलं, म्हणून पन्नास डॉलर भरून खातं उघडलं. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही. इथे परवाना असलेल्या मोठ्या अ‍ॅपपैकी कुठलंही घ्या, फरक बराचसा रंगाचा आहे.

आधी पार्श्वभूमी, भरभर. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने नेवाडा आणि दोन-तीन अपवाद सोडून राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी देता येत नव्हती. न्यू जर्सीने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं खटला लढवला आणि १४ मे २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द ठरवला. महिन्याभरात मॉनमथ पार्क या रेसकोर्सच्या खिडकीवर खुद्द गव्हर्नरसाहेबांनी पहिली पैज लावली. ऑगस्टमध्ये हे सगळं फोनवर आलं आणि खरी गोष्ट तिथून सुरू झाली. २०१७ मध्ये देशभरात कायदेशीर पैजा लागल्या साधारण ५ अब्ज डॉलरच्या. २०२३ मध्ये १२१ अब्जांच्या, आणि त्यातल्या ९४ टक्के ऑनलाइन. म्हणजे कोर्टाने दार उघडलं, पण गर्दी आणली फोनने.

आता अ‍ॅप.

खातं उघडणं: पाचपैकी पाच. बँकेने लाजावं इतकं सुबक. जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे आकडे, आणि चहा उकळायच्या आत खातं तयार. वयाची अट २१, आणि ती नीट तपासतात. सगळ्यात कडक आहे तो लोकेशनचा पहारा. राज्याच्या हद्दीबाहेर पाऊल पडलं की पैज घेत नाहीत. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात गेलात तर तिथल्या परवान्याखाली पुन्हा लॉग-इन. मी उभी आहे ती जागा हद्दीच्या अलीकडे की पलीकडे, हे या अ‍ॅपला क्षणात कळतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पैसे भरणं: हेही पाच. अंगठा टेकवला की जमा. काढताना मात्र दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत ‘काढणं रद्द करून पुन्हा खेळा’ असं बटण तिथेच हसत उभं होतं. रात्री पैसे काढायला लावले आणि सकाळच्या मॅचआधी परत खेळात ओढले, असं एकाहून जास्त अशिलांनी मला सांगितलंय. पूर्वी बुकीच्या माणसाकडून पैसे वसूल करायला दहा खेपा घालाव्या लागत, इथे निदान पैसे मिळतात आणि न मिळाल्यास राज्याच्या गेमिंग खात्याकडे तक्रार करता येते. हा कायदेशीरपणाचा खरा फायदा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

स्वागताचा बोनस म्हणजे आवळा देऊन कोहळा. दहा डॉलरची ‘बोनस बेट’ मिळाली. ती समान भावावर लावून जिंकलात तर हातात येतात फक्त दहा, कारण बोनसचा मूळ डाव परत मिळत नाही. रोख दहा लावले असते तर वीस आले असते. अटींमध्ये हे लिहिलेलं आहे. पण स्वागताच्या पानावर जो आकडा ठळक आहे, तो हा नाही.

भावाचं गणित मात्र एकदा कागदावर मांडून बघाच. साधी पैज: ११० लावा, जिंकलात तर १०० वर मिळतील. दोन्ही बाजूंना एकेकाने ११० लावले तर अ‍ॅपकडे आले २२०, त्यातून जिंकणाऱ्याला गेले २१०, दहा राहिले. सुमारे साडेचार टक्के. बरोबरीत राहायलाही तुम्हाला १०० पैकी ५२ हून जास्त वेळा बरोबर यावं लागतं. इथवर समजू शकते, दुकान चालवायला खर्च येतो. पण अ‍ॅप तुम्हाला साध्या पैजेवर थांबूच देत नाही. प्रत्येक मॅचच्या डोक्यावर तयार पार्ले टांगलेला असतो: चार गोष्टी एकत्र जमल्या तर मोठी रक्कम. अशा चार ‘११० ला १००’ पैजा जोडल्या तर दहा डॉलरचे साधारण १३३ होतात. चारही खरोखर निम्म्या शक्यतेच्या असतील, तर न्याय्य रक्कम आहे १६०. म्हणजे कंपनीचा वाटा साडेचारावरून थेट सतरा टक्क्यांवर. एकाच मॅचमधल्या चार गोष्टी जोडायच्या म्हटल्या तर त्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की खरा भाव काय, हे घरी बसून काढणं माझ्यासारख्या आकडेवालीलाही जमत नाही. २०२४ मध्ये देशभरात सुमारे १५० अब्जांच्या पैजांतून कंपन्यांकडे १३.७ अब्ज राहिले, म्हणजे नऊ टक्क्यांच्या वर. साध्या पैजांच्या साडेचारांतून इतके राहत नाहीत.

आणि सतत जिंकणाऱ्याचं काय? त्याची पैजेची मर्यादा कमी केली जाते. हरणाऱ्याला खास माणूस नेमून देतात, मॅचची तिकिटं पाठवतात. मॅसॅच्युसेट्सच्या गेमिंग कमिशनने २०२४ मध्ये जिंकणाऱ्यांवरच्या या मर्यादेबद्दल कंपन्यांना जाहीर प्रश्न विचारले. धंद्याच्या दृष्टीने कंपन्या चूक करत नसतील, पण मग जाहिरातीत ‘खेळाचं ज्ञान’ असं म्हणू नये.

आपल्या लोकांसाठी क्रिकेट आहेच. आयपीएलची संध्याकाळची मॅच इथे सकाळी दहाला सुरू होते, ऐन ऑफिसच्या वेळात. पुढच्या षटकात किती धावा, पुढची विकेट कशी. बेसबॉलमध्ये तर एकेका चेंडूवर पैज. २०२५ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलंड संघाच्या दोन पिचरवर (चेंडू फेकणाऱ्यांवर) पैज लावणाऱ्यांशी ठरवून चेंडू टाकल्याचे आरोप ठेवले गेले, तेव्हा कुठे एकेका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा आली. खेळाला धोका झाल्यावर मर्यादा लगेच आली, एवढं नोंदवून पुढे जाते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तो भाग. हिशोब: पाचपैकी एक.

एक जोडपं दरवर्षी माझ्याकडे येतं. तपशील थोडे बदलून, त्यांना विचारून लिहितेय. दोघं नोकरीत, भाड्याच्या घरात, एक मुलगी. यंदा नवऱ्याने दोन अ‍ॅपची स्टेटमेंट्स काढली आणि म्हणाला, “ताई, हे बरोबरीतच आहे, नुसतं लावून टाका.” बायको शेजारीच होती. तिने मला विचारलं, “पण एकूण गेले किती?” साधा प्रश्न. नवऱ्याला उत्तर माहीत नव्हतं, आणि तो लपवत होता असं मला वाटलं नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं.

कारण अ‍ॅपने ते कधी दाखवलंच नव्हतं. पहिल्या पानावर वॉलेटमधली शिल्लक दिसते. जिंकलात की रंगीत कागद उडतात, रक्कम मोठ्या अक्षरात येते. हरलात की ती पैज गुपचूप ‘सेटल्ड’ नावाच्या कप्प्यात जाते. वर्षभराचा निव्वळ आकडा बघायचा तर खातं, मग इतिहास, मग स्टेटमेंट, मग तारखा निवडा, मग पीडीएफ. दोन अ‍ॅप असतील तर दोन पीडीएफ, आणि बेरीज तुमची तुम्ही करा. माझी बँक, माझा वीज मीटर, एवढंच काय माझी पावलं मोजणारं घड्याळ मला एकूण दाखवतं. उभ्या जागेवरून राज्याची हद्द ओळखणाऱ्या अ‍ॅपला ही बेरीज येत नाही, हे मी मानायला तयार नाही.

बेरीज मी केली. जिंकलेले ४१,३००. हरलेले ४८,९००. गेले ७,६००.

पण खरी चपराक पुढे होती. केंद्राच्या कायद्यात जिंकलेली सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. हरलेली रक्कम वजा करायची तर सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट सोडून एकेक वजावट मांडावी लागते, आणि तीही जिंकलेल्या रकमेपुरतीच. २०२५ सालासाठी जोडप्याला प्रमाणित वजावट आहे ३१,५००. यांच्या बाकीच्या वजावटी जेमतेम ८,०००. म्हणजे उत्पन्न ४१,३०० ने वाढलं, ते हरलेल्या रकमेतून पुसलं गेलं, पण त्यापायी ३१,५०० च्या जागी ८,००० वर समाधान मानावं लागलं. करपात्र रक्कम २३,५०० ने फुगली. २२ टक्क्यांनी ५,१७० डॉलर जास्तीचा टॅक्स. ७,६०० हरल्याबद्दल. न्यू जर्सी राज्य निदान हरलेलं जिंकलेल्यातून वजा करू देतं, म्हणून राज्याचा कर लागला नाही. २०२६ पासून केंद्राचा नियम आणखी कडक झालाय: हरलेल्या रकमेतली ९० टक्केच वजा करता येते. दहा हजार जिंकून दहा हजार हरणाऱ्याच्या हाती काही नाही, तरी एक हजार करपात्र.

हे कुठल्या पानावर लिहिलंय? मदत विभागात एक ओळ आहे: कर सल्लागाराला विचारा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि मसाल्याचं बिल माझ्या टेबलावर.

बायको बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत होती. मग म्हणाली, “मुलीच्या कॉलेजच्या खात्यात यंदा काहीच टाकलं नाही आपण.” मला वाचलेलं एक संशोधन तिथल्या तिथे समोर दिसलं. अर्थतज्ज्ञांनी घरांच्या बँक व्यवहारांवरून पाहिलं की पैजेचे पैसे येतात कुठून. वाटतं की सिनेमा, हॉटेल, लॉटरी यांतून वाचवून येत असतील. तसं नाही. ते येतात बचतीतून, गुंतवणुकीतून. आणि आधीच ओढाताण असलेल्या घरांत क्रेडिट कार्डाची बाकी वाढते, खात्यात पैसे नसताना चेक वटवण्याचे दंड वाढतात. कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका अभ्यासात ऑनलाइन पैज सुरू झालेल्या राज्यांमध्ये काही वर्षांत दिवाळखोरीची शक्यता २५ ते ३० टक्क्यांनी वाढलेली आढळली. ओरेगन विद्यापीठातल्यांनी आणखी अवघड गोष्ट तपासली: घरची टीम अनपेक्षितपणे हरते त्या दिवशी जोडीदारावरची हिंसा वाढते हे आधीच माहीत होतं, पैज कायदेशीर असलेल्या राज्यांत ती वाढ जास्त आहे. हे वाचल्यापासून माझ्या ऑफिसात जोडपं आलं की मी स्टेटमेंटचा आकडा मोठ्याने वाचत नाही. कागद फिरवून दोघांच्या समोर ठेवते.

राज्याला यातून कर मिळतो, जुलै २०२५ पासून ऑनलाइनवर १९.७५ टक्के. तो कंपनीच्या उत्पन्नावर असतो, म्हणजे लोक जितके हरतील तितका जास्त. राज्याच्या हातून ‘एकूण किती गेले’ पहिल्या पानावर आणायचा नियम लवकर निघेल अशी आशा मी धरलेली नाही.

मर्यादांची साधनं: तीन तारे, आणि ते मनापासून. दिवसाला, आठवड्याला, महिन्याला किती भरायचं ही मर्यादा लावता येते. कमी केली की लगेच लागू, वाढवायची तर थांबावं लागतं. हे चांगलं आहे. राज्याच्या यादीत स्वतःचं नाव घालून बंदी घेता येते, कमीत कमी एक वर्षाची, आणि ती राज्यातल्या सगळ्या परवानाधारक अ‍ॅपना लागू होते. मदतीचा १-८००-गॅम्बलर हा नंबर प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी असतो, मुंगीएवढ्या अक्षरांत.

मर्यादा लावण्याआधी एक काम करा. अ‍ॅप नको, बँकेचं स्टेटमेंट उघडा, कंपनीचं नाव शोधा, गेलेले वजा आलेले. दहा मिनिटं. जो आकडा येईल तो घरात दोघांना माहीत असू द्या.

त्या जोडप्यातल्या नवऱ्याने माझ्यासमोरच राज्याच्या यादीत नाव घातलं. पण महिन्याभरात बायकोचा फोन आला, “ताई, बँकेत एक वेगळंच नाव दिसतंय.” ते प्रेडिक्शन मार्केट निघालं. तिथे मॅचच्या निकालाचे ‘करार’ विकत घेतात, वयाची अट १८, आणि परवाना राज्याचा नसून केंद्राच्या वायदे बाजाराच्या नियमांखालचा, म्हणून राज्याची बंदीची यादी तिथे चालत नाही. न्यू जर्सीने २०२५ मध्ये अशी एक कंपनी थांबवायचा प्रयत्न केला, तर कंपनीच कोर्टात गेली आणि तिला स्थगिती मिळाली. त्या करारांवरचा कर पैजेसारखा धरायचा की वायद्यासारखा, याबद्दल माझ्या धंद्यातली चार माणसं चार मतं देतात. तिला मी सांगितलं, सगळी स्टेटमेंट्स डाऊनलोड करून ठेव, आणि पगार आता तुझ्या खात्यात येऊ दे.