मेगा ड्राइव्ह की एसएनईएस: जुन्या गेम्सचं संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी?

सोळा-बिट काळातल्या, म्हणजे साधारण १९९० च्या आसपासच्या गेम्सचं संगीत ऐकायचंय, पण नेमकं कुठून सुरू करू, असा प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितोय. पर्याय दोनच धरतो. एक सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह हे टीव्हीला जोडायचं गेम-मशीन: जपानमध्ये १९८८ साली आलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत ‘जेनेसिस’ नावाने गेलं. दुसरं निन्टेन्डोचं सुपर फॅमिकॉम, म्हणजेच एसएनईएस, १९९० चं. आपल्याकडे त्या वयाच्या बहुतेकांच्या हाती यातलं एकही नव्हतं. निन्टेन्डोच्याच आधीच्या फॅमिकॉम या मशीनची नक्कल असलेला डबा, ‘इतके इन वन’ असं काहीतरी लिहिलेली कॅसेट, तिच्यात मारलेली फुंकर आणि मारिओ-काँट्रा, एवढ्यावर आपलं भागलं. म्हणजे या दोन्ही मशीनशी आपलं लहानपणीचं नातं नाही, आणि निवड करताना ते बरंच आहे. कानाने ठरवता येतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. वेळ कमी असेल तर मेगा ड्राइव्ह, सवड असेल तर एसएनईएस. दोन्हींत सरस कोण हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी मेगा ड्राइव्हवाला आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची वायएम २६१२ ही चिप आहे. ती आवाज साठवत नाही, जागच्या जागी तयार करते. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंपनसंख्या हलवायची आणि त्यातून नवा आवाज काढायचा, ही एफएम पद्धत. ती शोधली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी. यामाहाने हक्क घेतले आणि १९८३ च्या डीएक्स७ कीबोर्डमधून ती जगभर पोचवली. डीएक्स७ मध्ये एका सुरामागे अशा सहा लहरी राबतात, इथे चार. असे सहा आवाज एका वेळी वाजतात, आणि जोडीला तीन चौकोनी लहरी व एक खरखर देणारी साधी, जुन्या धाटणीची चिप. आवाज धातूचा, कडक, चुकला तर कर्कश. ऐंशीच्या दशकातली हिंदी गाणी कानात मुरलेली असतील तर त्यातली घंटेसारखी किणकिण लगेच ओळखीची वाटेल.

एसएनईएसचा मामला उलटा. तिथली ध्वनीची चिप सोनीची, केन कुतारागी यांनी घडवलेली. हेच पुढे प्लेस्टेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. ही चिप वाद्यांचे रेकॉर्ड केलेले छोटे तुकडे वाजवते, एका वेळी आठ. बासरी बासरीसारखी, ढोल ढोलासारखा. पण सगळ्याला मिळून मेमरी फक्त ६४ केबी. वाद्यांचे तुकडे, सुरावट, ती वाजवणारा प्रोग्राम, सगळं त्यातच. आठ जणांच्या सहलीचं सामान एका पिशवीत कोंबायचं, तसली गत. वर एको (प्रतिध्वनी) हवा असेल तर त्याचंही भाडं: दर १६ मिलिसेकंदांना २ केबी. देवळाच्या गाभाऱ्यात शोभेल असा २४० मिलिसेकंदांचा एको लावला की ३० केबी, म्हणजे जवळजवळ अर्धी मेमरी गेली. म्हणून तुकडे कापून, दर्जा उतरवून भरावे लागत, आणि चिपही वाजवताना त्यांच्या कडा गुळगुळीत करते. एसएनईएसचा तो मऊ, किंचित घुसमटलेला आवाज येतो तो असा.

हे सगळं वाचण्यापेक्षा एक सोपी चाचणी करा. युझो कोशिरो या एकाच संगीतकाराचं दोन्हीकडचं काम लागोपाठ ऐका. १९९० साली त्यांनी एसएनईएसवर ‘अॅक्टरेझर’ला संगीत दिलं: पूर्ण ऑर्केस्ट्राचा थाट, आणि तोही मशीन बाजारात आल्या-आल्या. पुढच्याच वर्षी मेगा ड्राइव्हवर ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ आला आणि त्यात त्यांनी ऑर्केस्ट्रा सोडून थेट नाइटक्लबमधलं हाउस संगीत आणलं. १९९२ च्या दुसऱ्या भागातली पहिली लेव्हल घ्या. रात्रीचा रस्ता, निऑनच्या पाट्या, समोरून गुंड चालत येतायत, आणि ‘गो स्ट्रेट’ सुरू होतं. सहा एफएम आवाजांपैकी एक काढून त्या जागी रेकॉर्ड केलेला ड्रम बसवलाय, तो प्रत्येक मात्रेला छातीत लागतो. बाकी बेस, सिंथ, सगळं चिपने जागेवर घडवलेलं. तुमचा ठोसा आणि ड्रमचा ठोका एकत्र पडला की बोटं आपोआप तालात दाबली जातात. ऑर्केस्ट्राची नक्कल करताना दोन्ही मशीन थोड्याफार उघड्या पडतात. क्लब संगीत मुळातच यंत्राचं, त्यामुळे तिथे मेगा ड्राइव्हला कसलीच नक्कल करावी लागत नाही. माझं मत बनलं ते इथे.

हे संगीत लिहिण्याची रीतही पाहण्यासारखी. कोशिरो पीसी-८८ या जपानी संगणकावर, स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलून घेतलेल्या संगीत-भाषेत अक्षरं आणि आकडे टाइप करत. ज्या काळात बऱ्याच कंपन्या संगीतकाराला टोपणनावाने श्रेयनामावलीच्या कोपऱ्यात बसवत, त्या काळात ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’च्या टायटल स्क्रीनवरच त्यांचं नाव झळकतं.

मेगा ड्राइव्हची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत बनलेल्या पुष्कळ गेम्समध्ये ‘जेम्स’ (GEMS) नावाचं संगीत बनवायचं तयार साधन वापरलं गेलं, आणि त्यातले आयते आवाज घासूनपुसून न घेता तसेच ठोकून दिले गेले. फुसका बेस, खरखरीत गिटार. कोणी ‘सेगाचा आवाज भिकार’ म्हणाला तर बहुतेक वेळा त्याने असलंच काहीतरी ऐकलेलं असतं. एसएनईएसवर वाईट संगीत कमी सापडतं. कंटाळवाणं मात्र भरपूर आहे.

आता सवडीचा मुद्दा. एसएनईएसचं सर्वोत्तम संगीत लांबलचक कथांच्या गेम्समध्ये आहे आणि ते गोष्टीपासून सुटं काढलं की निम्मं होतं. ‘फायनल फँटसी ६’ (१९९४) मधला ऑपेराचा प्रसंग घ्या. संगीत नोबुओ उएमात्सु यांचं. सेलेस नावाची माजी सेनाधिकारी, गायिकेच्या जागी ऐनवेळी मंचावर उभी राहते. मशीनला गाता येत नाही, म्हणून गळ्याच्या आवाजासारखा एक सूर चाल वाजवतो आणि शब्द पडद्यावर उमटतात. पुढची ओळ कुठली, हे तुम्हाला पाठ करून निवडावं लागतं. चुकलात की प्रयोग बंद. आता गंमत अशी की हीच चाल सेलेसची स्वतःची धून म्हणून गेममध्ये पुन्हा येते. तीस-चाळीस तास तिच्यासोबत काढलेल्या माणसाला ती जिथे नेते, तिथे यूट्यूबवर तीन मिनिटं ऐकणारा पोचत नाही.

एवढा वेळ नसेल तर ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५). साधारण वीस तासांत संपतो. यासुनोरी मित्सुदा यांचं संगीतकार म्हणून हे पहिलंच मोठं काम. त्यात ते आजारी पडले आणि उरलेलं उएमात्सुंनी पुरं केलं. भूतकाळात, इ. स. ६०० मध्ये, गेल्यावर नकाशावर जी वाऱ्यासारखी धून लागते, तिच्यासाठी कंट्रोलर खाली ठेवून नुसतं ऐकत बसलेली माणसं मला माहीत आहेत. मीही त्यातलाच. आणि गोष्टच नको असेल तर डेव्हिड वाइझ यांचा ‘डाँकी काँग कंट्री २’. काटेरी वेलींच्या लेव्हलचं संगीत अतिशय शांत, लेव्हल अतिशय खट. दहादा मरता, दहादा ऐकता.

मेगा ड्राइव्हला हा सवडीचा प्रश्नच नाही. ‘सॉनिक’ (१९९१) ची पहिली धून दोन मिनिटांत तुमची होते. ती रचणारे मासातो नाकामुरा हे जपानमधल्या ‘ड्रीम्स कम ट्रू’ या लोकप्रिय बँडचे बेसवादक. चालींमधला पॉप गोडवा तिथला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाला गेम्सचं संगीत लावलं होतं, त्यात ‘सॉनिक’ही होता आणि ‘क्रोनो ट्रिगर’ही. निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेम्सची धून एकही नव्हती.

मिळवायचं कुठून? इथे पारडं एसएनईएसकडे झुकतं. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही, पण ‘क्रोनो ट्रिगर’ स्टीम या संगणक-गेम्सच्या ऑनलाइन दुकानात आणि मोबाइलवर आहे; ‘फायनल फँटसी ६’ची पिक्सेल रीमास्टर नावाची नव्याने सजवलेली आवृत्तीही आहे. तिच्यात संगीत नव्याने बांधलंय. कन्सोलवर खेळत असाल तर सेटिंगमधून मूळ संगीत निवडा. सेगाने मात्र मेगा ड्राइव्हच्या गेम्सचा जुना संच डिसेंबर २०२४ मध्ये स्टीमवरून काढून टाकला. पळवाट म्हणून ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’ (२०२०) घ्या. गेम नवा आहे, पण पर्यायांत जुन्या भागांचं संगीत लावता येतं.

हौस म्हणून जुनं मशीनच आणणार असाल तर एक पाहून घ्या. युरोपातली ‘पाल’ या टीव्ही पद्धतीची मशीन ६० ऐवजी ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांच्या वेगाने चालतात. एसएनईएसच्या ध्वनीच्या चिपला स्वतःचं घड्याळ असल्याने तिथे गेम मंदावला तरी लय सहसा टिकते. मेगा ड्राइव्हवर बऱ्याच गेम्सचं संगीत चित्राच्या वेगाशी बांधलेलं असतं, म्हणून तेही सहाव्या हिश्शाने रेंगाळतं. ‘सॉनिक’चा पहिला भाग पाल मशीनवर असाच रखडतो, दुसऱ्यात सेगाने संगीताचा वेग सुधारून दिला. तेव्हा मेगा ड्राइव्ह घेतलंत तर जपानी किंवा अमेरिकी घ्या, मॉडेल शक्यतो पहिलं, आणि वायर टीव्हीला जोडण्याआधी पुढच्या बाजूला असलेल्या हेडफोनच्या भोकात हेडफोन लावा. त्या मॉडेलवर स्टीरिओ आवाज तिथूनच येतो.