पायथनचा पीप्रिंट, मराठी डेटा आणि दोन कऱ्हाड

पीप्रिंट, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं डेटा सुबक मांडून छापणारं मॉड्यूल, काही महिने रोज वापरतोय, तेही जवळजवळ सगळा डेटा देवनागरीत असलेल्या कामात. आज लिहायला बसलो कारण सातारा जिल्ह्यात तालुके ११ आणि माझ्या डिक्शनरीत (नाव, म्हणजे की, आणि तिची माहिती अशा जोड्यांचा साठा) निघाले १२. जिल्ह्याची बेरीज जुळत होती, कऱ्हाडचा आकडा मात्र फारच कमी येत होता.

आधी तक्रारी, कारण त्या खऱ्या आहेत. आतली डिक्शनरी छापताना पीप्रिंट ती बाहेरच्या कीच्या रुंदीपलीकडे ढकलतो. की 'पुणे' असेल, तर तिच्यापुढे पहिला तालुका आणि बाकीचे बरोबर त्याच्याखाली यायला हवेत. येत नाहीत. पीप्रिंट कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडमधली (अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) सुटी चिन्हं, मोजतो: प, उकार, ण, मात्रा, झाले चार. टर्मिनलवर उकार-मात्रा वेगळी जागा घेत नाहीत, घरं भरतात दोनच. म्हणून पहिला तालुका एकीकडे आणि खालचे सगळे दोन घरं उजवीकडे. एका पातळीला हे चालून जातं. जिल्हा, तालुका, गाव असं तीन पातळ्या उतरलं की कुठलं गाव कुठल्या तालुक्यातलं हे स्क्रीनवर बोट धरून बघावं लागतं. कंस आहेत, पण कंस मोजायचे तर मग सुबक छपाई कशासाठी? विड्थचं, म्हणजे ओळीच्या कमाल रुंदीचं, डीफॉल्ट ८० असतं, तेही याच हिशोबाने, त्यामुळे भरपूर जागा शिल्लक असताना ओळ तुटते. मी सरळ १४० देतो. इंडेंट (दर पातळीला आत सरकायची जागा) ४ दिला तर उघडत्या महिरपी कंसानंतर तीन मोकळ्या जागा सोडून पहिली की येते. ते रूप मला आजही बघवत नाही.

दुसरी तक्रार सॉर्टिंगची. पायथन ३.७ पासून डिक्शनरी घातलेला क्रम टिकवते, त्याची हमी आहे. पीप्रिंट मात्र सगळ्या की चढत्या क्रमाने लावून घेतो. ३.८ मध्ये त्याच मॉड्यूलमध्ये 'पीपी' हे फंक्शन आलं, ते क्रमाला हात लावत नाही, म्हणून मी तेच वापरत होतो.

मग जेसनचं डम्प्स (डेटा जेसन या मजकूर-स्वरूपात लिहिणारं पायथनचं फंक्शन) का नाही? वापरून झालं. तिथे इंडेंट पातळीनुसार ठरतो, कीच्या लांबीशी संबंध नाही, त्यामुळे रचना सरळ दिसते. पण तारीख आली की टाइप एरर, की टपल (एकत्र बांधलेल्या मूल्यांचा गट) असेल तरी टाइप एरर. आणि एन्शुअर आस्की हा पर्याय फॉल्स केला नाही, तर सगळं मराठी यू-आकड्यांच्या रांगेत बदलतं. बाहेरची लायब्ररी नको होती: सर्व्हरवर एकेका पॅकेजसाठी परवानगी मागत बसायचं आणि पुढे तिची व्हर्जनं सांभाळायची, तेही नुसतं छापण्यासाठी! पीप्रिंट पायथनसोबत फुकट येतो.

तर बारावा तालुका. डम्प्सने छापलं तर 'कऱ्हाड' दोनदा, दोन्ही अगदी एकसारखे. 'पीपी'ने एक वर आणि एक पार तळाशी, नजरेतून सुटणारा. शेवटी साधा पीप्रिंट चालवला. सॉर्टिंगमुळे दोन्ही सुरुवातीलाच लागोपाठ आले, कोरेगावच्या वर, आणि असे:

'कर्\यू२००डीहाड'
'कऱ्हाड'

तो \यू२००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. आपला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलंत आणि हा न दिसणारा जॉइनर. युनिकोडने दुसरी पद्धत जुन्या २.० आवृत्तीशी सुसंगती म्हणून ठेवली आहे. माझ्याकडे दोन कार्यालयांच्या फायली येतात. एक पहिल्या पद्धतीने टाइप करतं, दुसरं दुसऱ्या.

इथे माझं मत बदललं. डम्प्स एकतर सगळं झाकतं, नाहीतर सगळं दाखवताना न दिसणारंही तसंच सोडून देतं. पीप्रिंट मराठी अक्षरं मराठीत ठेवतो आणि फक्त जे डोळ्यांना दिसूच शकत नाही ते उघडं करतो. श्रेय खरं रेप्र फंक्शनचं, जे मूल्याचं छापील रूप बनवतं. अत्सुओ इशिमोतो यांच्या पेप ३१३८ (पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) नुसार २००८ च्या पायथन ३.० पासून छापता येणारी अक्षरं जशीच्या तशी येतात आणि बाकीची एस्केप होतात. पायथन २ मध्ये दोन्ही कऱ्हाड आकड्यांच्या रांगा म्हणूनच दिसले असते. पीप्रिंट रेप्रवर उभा आहे आणि वर क्रमही लावतो, म्हणून दोन्ही नावं एकाखाली एक आली. ज्या सॉर्टिंगवर मी चिडत होतो, त्याच्यामुळेच.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी: युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याने) हे दोन एक होत नाहीत, त्याच्या एनएफसी प्रकाराने नाही आणि एनएफकेसीनेही नाही. जॉइनर सरसकट पुसू नका, 'कर्हाड' असा रफार होऊन बसतो. र, हलंत, जॉइनर हे तिन्ही एकत्र शोधा आणि त्याजागी ऱ व हलंत घाला. हे फाईल वाचतानाच करा, की बनण्याआधी.

आता नवी फाईल आली की आधी डेप्थ २ (फक्त वरच्या दोन पातळ्या) देऊन पीप्रिंट चालवतो. खालचं सगळं कंसातल्या तीन टिंबांत मिटतं, फक्त जिल्हे-तालुके उरतात आणि तिरकेपणाचाही फार त्रास होत नाही. रुंदी मोजताना उकार-मात्रा वगळायची सोय मात्र या मॉड्यूलमध्येच यायला हवी. त्यासाठी लागणारी अक्षरांची वर्गवारी पायथनच्याच युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये पडून आहे.