चार डब्यांचा सोलर कुकर: आमच्या आंगणातला अनुभव

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात एका खेड्यात राहते. घरात सहा माणसं, कापूस-तुरीची शेती. पेटीसारखा, झाकणाला आरसा असलेला, चार काळ्या डब्यांचा सोलर कुकर आम्ही २०२० च्या संक्रांतीनंतर वर्ध्याहून आणला आणि मार्चअखेर टाळेबंदी लागली. सगळे घरात, दोन्ही वेळचा स्वयंपाक मोठा आणि ऊन विदर्भाचं. गावातल्या बायका अजून विचारतात, "घ्यावा काय वं ताई?" घ्या. पण त्यात काय होतं आणि काय होत नाही, ते आधी ऐका.

वरण, भात, उसळ, भाजी, रताळी, पन्ह्यासाठी कैऱ्या, हे सगळं उत्तम शिजतं. भाकर होत नाही, फोडणी होत नाही, तळण तर नाहीच. आतून काळा पत्रा, वर दुहेरी काच, त्यामुळे आत शिरलेली उष्णता अडकते आणि चांगल्या उन्हात १०० ते १४० अंशांपर्यंत जाते. शिजायला तेवढी पुरते. तव्याला आणि तेलाला त्याहून जास्त लागते. म्हणून आमच्याकडे भाकर-फोडणी गॅसवर आणि बाकीचं आंगणात, अशी वाटणी झाली आणि तीच आजही चालू आहे.

तुरीच्या वरणासाठी तरी हा कुकर घ्यावा असं मला मनापासून वाटतं. आमच्या विहिरीचं पाणी जड, डाळ शिजता शिजत नाही. तासभर भिजवलेली डाळ, हळद आणि तेलाचा थेंब घालून दहाच्या सुमारास आत ठेवली की एप्रिल-मे महिन्यात जेवायच्या वेळेपर्यंत ती नुसत्या पळीनं घोटली जाते. मीठ मागून घालायचं. भाताला नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी लागतं, कारण उकळून उडून जात नाही. वांग्याला, दोडक्याला तर पाणी घालूच नका, आपल्याच पाण्यात शिजतात आणि चव घट्ट राहते. काही करपत नाही, ढवळावं लागत नाही. आंबट पदार्थ मात्र ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवून देऊ नका, शिजले की लगेच काढा.

त्या वर्षी या पेटीचं मोल आम्हाला वेगळ्याच कारणानं कळलं. टाळेबंदीत कापसाची खरेदी थांबली होती. पुढची खोली कापसानं भरलेली आणि लागूनच पडवीत सासूबाईंची चूल. पऱ्हाट्या, तुराट्या, म्हणजे कापसाची नि तुरीची वाळलेली झाडं, पेटल्या की ठिणग्या उडतात, आणि भरल्या कापसाला एक ठिणगी पुरते. सासूबाईंनी जन्मभर चुलीवर रांधलं, पण त्यांनीच सांगितलं, "कापूस घरात हाय तवरी चूल नोको पेटवू वं. तुह्या पेटीतच शिजव." कापूस गेल्यावरही त्या रोजच्या चुलीकडे वळल्या नाहीत. धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, हे त्या आता स्वतः शेजारणींना सांगतात. आणखी एक चांगलं झालं. सरपणासाठी पऱ्हाटीचे ढीग रचून ठेवायची गरज उरली नाही. त्या ढिगात गुलाबी बोंडअळी तग धरते म्हणून कृषी खात्याचे लोक दर वर्षी बजावतात. आता आम्ही पऱ्हाटीचा बारीक चुरा करून वावरातच टाकतो.

एप्रिल ते जून २०२० मध्ये उज्ज्वला योजनेत तीन सिलिंडर मोफत होते. आमचं कनेक्शन जुनं, आम्ही त्यात नव्हतो, आणि गाडी गावात कधी येईल याचा तेव्हा भरवसा नव्हता. वरण-भात बाहेर गेल्यावर सिलिंडर पुष्कळ पुरायला लागला.

कुकर उन्हाकडे फिरवत राहावा लागतो, अर्ध्या-पाऊण तासानं. शाळा बंद होत्या तेव्हा ते काम मुलीनं घेतलं. पेटीची सावली बरोबर मागे सरळ पडली पाहिजे, हे तिला दोन दिवसांत जमलं. आता सगळे वावरात जातो तेव्हा मी सकाळीच पेटी साडेअकराच्या सूर्याकडे तोंड करून ठेवते आणि निघते. वेळ जास्त लागतो, पण परत येईपर्यंत शिजलेलं असतं, आणि पेटी उघडली नाही तर गरमही राहतं.

आता उणिवा. आरसा उभा धरणारी पट्टी फार नाजूक आहे. उन्हाळ्यातल्या वावटळीत झाकण धाडकन मिटतं. मी सुतळीनं बांधून खाली दगड लावते. वानरांना तो आरसा दिसता कामा नये, नाही तर ती पेटीवरच येऊन बसतात. आमच्याकडे म्हणूनच वरून जाळी टाकतो. काचेवर रोज धूळ बसते, ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय तापत नाही, पण काच थंड असतानाच पुसा. हिवाळ्यात ऊन तिरपं, एकच खेप निघते. पावसाळ्यात पेटी कोरडी करून आत ठेवायची, झाकण किंचित उघडं, नाही तर आत वास धरतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात काचेभोवतीचं रबर सैल झालं आणि वाफ निसटायला लागली. दुकानदारानं सुटा भाग मिळत नाही म्हणून हात वर केले. शेवटी तालुक्याच्या बाजारातून त्या जाडीचं रबर मापानं कापून आणलं, ते अजून टिकून आहे. घेतानाच विचारा: रबर, काच, डबे सुटे मिळतील का? पेटीवर आयएस १३४२९ हा क्रमांक आहे का तेही पाहा, पेटीच्या सोलर कुकरसाठीचं भारतीय मानक ते आहे. आम्हाला साडेतीन हजारांच्या आसपास पडला.

ज्यांच्या आंगणात दहा ते दोन सलग ऊन नाही, कडुनिंबाची सावली फिरत राहते, त्यांनी घेऊ नये. गच्ची असेल तर तिथे ठेवता येतो, पण भरलेली पेटी जड होते. ती वर नेऊन ठेवायची आणि डबे तेवढे खालीवर करायचे.