चिपळूण की चिपळुणात? बातम्यांवर नजर ठेवणारी सेवा निवडताना

गेल्या महिन्यात देवगडच्या एका आंबा बागायतदाराचा फोन आला. "तुमच्याकडे ते बातम्या पकडणारं सॉफ्टवेअर आहे ना? आम्हीही घेऊ म्हणतो." म्हटलं, होतं. आता जे आहे त्याला सॉफ्टवेअर म्हणवत नाही. तासभर बोललो तरी त्याचं "पण मग घेऊ काय?" काही सुटेना. त्याच्यासाठी, आणि याच पेचात असलेल्या आणखी कुणासाठी, हे लिहून काढतोय.

गुहागर ते वेळणेश्वर पट्ट्यातल्या काही निवास-न्याहारीवाल्यांचं प्रसिद्धीचं काम मी बघतो. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून दोन वर्षं एका बड्या परदेशी कंपनीची सेवा घेतली, आणि त्यानंतर आजवर पुण्यातल्या एका लहान कंपनीची. नावं दोघांचीही घालत नाही. डॅशबोर्ड, अलर्ट, आलेख, पत्रकारांची यादी हे कमीअधिक दोघांकडे आहे, ते डेमोत बघालच. डेमोत जे दाखवत नाहीत तेवढंच सांगतो.

आधी बड्यांची कुळकथा थोडक्यात, कारण बिलात तिचाही वाटा असतो. या धंद्यात वाढायच्या दोन वाटा दिसतात. मेल्टवॉटर ही बातम्यांवर नजर ठेवणारी कंपनी २००१ साली नॉर्वेतल्या ऑस्लोत निघाली, संस्थापक यॉर्न लिसेगन, सुरुवातीचं भांडवल पंधरा हजार डॉलर. एकामागून एका शहरात विक्रीची माणसं बसवत ती जगभर पसरली. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्लोच्या शेअर बाजारात आली आणि २०२३ मध्ये तिथून बाहेर पडून पुन्हा खासगी झाली. सिझन या याच धंद्यातल्या दुसऱ्या बड्या कंपनीची वाट वेगळी (हा आंब्याचा सीझन नव्हे): तिथे दुसऱ्याचं विकत घेत वाढायचं. २०१४ मध्ये व्होकस कंपनीशी एकत्रीकरण, २०१६ मध्ये प्रसिद्धीपत्रकं वाटणारी पीआर न्यूजवायर सुमारे ८४ कोटी डॉलरला, २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर नजर ठेवणारी ब्रँडवॉच ४५ कोटी डॉलरला. त्याच वर्षी मेल्टवॉटरनेही लिंकफ्लुएन्स, क्लिअर आणि आउलर या कंपन्या घेऊन टाकल्या. म्हणजे शेवटी दोन्ही वाटा एकाच चव्हाट्यावर आल्या.

आमच्याकडे घरं अशीच वाढतात. मूळ माजघर, मग पुढे पडवी, मग धाकट्याचं लग्न ठरलं म्हणून मागची पडवी भिंत घालून बंद केली. राहायला जागा भरपूर होते, पण पाहुण्याला न्हाणीघर कुठे ते विचारावं लागतं. विकत घेत वाढलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये थोडंफार हेच होणार, त्याला कुणाचा इलाज नाही.

दर मात्र आधी नीट समजून घ्या. या बड्या कंपन्या दरपत्रक छापत नाहीत, माणूस बघून आकडा सांगतात. हर्णैच्या लिलावात निदान मासळीची टोपली डोळ्यांसमोर असते. आम्हाला सांगितलेला पहिला आकडा आणि ज्यावर सही केली तो आकडा, या दोहोंमधल्या फरकात एका होडीचं इंजिन आलं असतं. आणि करार वर्षाचा असतो. मुदतीआधी ठरावीक दिवस लेखी नकार कळवला नाही, तर तो आपोआप पुढे सरकतो. वर मी "दोन वर्षं" म्हटलं ना, त्यातलं दुसरं वर्ष आम्ही असंच "घेतलं".

तरी बड्यांना कमी लेखू नका. इंग्रजी आणि परदेशी बातम्यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. बागायतदाराला मी हेच पहिल्यांदा सांगितलं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंबा बंद केला, तो पुन्हा खुला करायचं जानेवारी २०१५ मध्ये ठरलं. असली बातमी रत्नागिरीच्या पेपरात पोचते तेव्हा पेट्या भरून झालेल्या असतात. ती ब्रुसेल्स-लंडनच्या बाजूला शिजत असतानाच कानावर यावी असं वाटत असेल, तर पुण्याची चार माणसं पुरी पडणार नाहीत. फक्त शोधशब्द (ज्यावरून यंत्र बातम्या शोधतं तो शब्द) म्हणून नुसतं इंग्रजी "अल्फोन्सो" देऊ नका. आमच्या एका सभासदाने हौसेने दिला, आणि त्याला महिनाभर अल्फोन्सो डेव्हिस नावाच्या फुटबॉलपटूच्या मांडीच्या स्नायूची खबरबात मिळत राहिली. ते दुरुस्त करणं सोपं आहे, "डेव्हिस वगळून" म्हटलं की झालं.

जे सोपं नव्हतं ते आता सांगतो.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. आमच्याकडे येणारा बहुतेक पाहुणा चिपळूणवरून येतो, त्यामुळे गुहागरला काही झालेलं नसतानाही फोन सुरू झाले: रस्ता आहे का, तुमच्याकडेही पाणी आहे का, दिवाळीचं बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतील का. कुठला पेपर काय छापतोय आणि त्यात आमचा तालुका चुकून ओढला जातोय का, हे तासातासाला कळणं गरजेचं होतं. याच दिवसासाठी तर सेवा घेतली होती. मी शोधशब्द दिला होता "चिपळूण".

पडद्यावर इंग्रजी बातम्यांचा आलेख आभाळाला टेकला. मराठीचा मात्र जेमतेम हलला. दोन दिवसांनी पेपरांची थप्पी हाती आली आणि बघतो तर पहिल्या पानापासून "चिपळुणात", "चिपळुणातील", "चिपळूणकरांना". यातलं काही म्हणजे काही यंत्राने उचललं नव्हतं. चिपळूण हा शब्द जिथे मोकळा, एकटा उभा होता तेवढ्याच बातम्या आल्या. थोडक्यात, चिपळूण बुडालं तर दिसत होतं, चिपळुणात पाणी शिरलं तर नाही.

कारण तसं सरळ आहे. इंग्रजीत गावाच्या नावाला फारसं काही चिकटत नाही, "मध्ये", "पासून", "साठी" हे सगळे शब्द सुटे उभे राहतात. आपल्याकडे विभक्ती नावाला लागते, आणि लागताना नावाचं तोंडही बदलते. चिपळूणचा दीर्घ ऊकार "चिपळुणात" म्हणताना ऱ्हस्व होतो. राजापूरचं राजापुरात होतं. आपल्याला ते कळतही नाही, यंत्राला मात्र ते दुसरंच गाव वाटतं.

मदत कक्षातल्या मुलाने अगदी नम्रपणे सुचवलं, शब्दाच्या शेवटी तारांकन (*) लावा, म्हणजे पुढे काहीही चिकटलेलं चालेल. "चिपळू" पुढे तारांकन लावलं. "चिपळूणकर" आले, "चिपळुणात" नाहीच, कारण फरक शेवटी नसून मध्येच आहे. मग एक अक्षर मागे येऊन "चिपळ" वर लावलं. आषाढी नुकतीच झाली होती. टाळ आला, मृदुंग आला, आणि राज्यभरातल्या कीर्तनांतल्या चिपळ्या आल्या.

आंब्याची गत याहून वाईट. आंबा, आंबे, आंब्याला, आंब्यांची हे सगळं एका जाळ्यात धरायला "आंब" वर तारांकन लावलं की आंबेडकर येतात, आंबोलीचा धबधबा येतो, आंबट ढेकरांवरचे घरगुती उपाय येतात. शेवटी प्रत्येक रूप हाताने लिहीत बसलो. आमच्या सोळा शोधशब्दांची पावणेदोनशे रूपं झाली आणि करारात मर्यादा होती पन्नासची.

बातमीतली भावना ओळखून चांगलीला हिरवा आणि वाईटाला लाल लावणारा रंग तर सोडाच. "किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड" ही आमच्या दृष्टीने सोन्यासारखी बातमी लाल रंगात आली होती.

न्यायाला धरून बोलायचं तर हे जुनं झालं. गेल्या वर्षी उत्सुकतेपोटी त्या बड्या सेवेची पुन्हा चाचणी घेतली. चिपळूण आणि चिपळुणात आता एकत्र येतात, आंबेडकरही बरेचसे सुटले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा फायदा मान्य करायलाच हवा. पण जिल्हा आवृत्तीची आतली पानं अजून निसटतातच. ई-पेपरचं पान बहुधा चित्र असतं, आणि जिथे अक्षरं मिळतात तिथेही ती जुन्या श्रीलिपी छापाच्या टंकातली असली की नुसता गिचमिडा निघतो. आणि आमच्याबद्दल जे काही येतं ते नेमकं आतल्या पानांवर येतं. मुंबई आवृत्तीला वेळणेश्वरशी काय देणंघेणं?

पुण्याच्या लहान कंपनीचं काम अगदीच साधं. पहाटे काही माणसं पेपर वाचतात, आठच्या आत कात्रणं फोनवर येतात. आलेख महिन्यातून एकदा, तोही एक्सेलमधला. रविवारी उशीर होतो. परदेशातलं काही विचारलं की "बघून सांगतो" म्हणतात आणि सांगत नाहीत. नेहमीच्या वाचणाऱ्या बाई रजेवर असल्या की दर्जा घसरतो, हे मी दोनदा अनुभवलंय. आणखी एक गोष्ट त्यांना स्पष्ट विचारून घ्या: कात्रण पुढे पाठवायचा हक्क त्यांच्याकडे आहे का? २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मेल्टवॉटरवर याच कारणासाठी दावा लावला होता, आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वृत्तसंस्थेच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडेही २०२० मध्ये वृत्तपत्रांच्या संघटनेने ई-पेपरच्या फाइली फिरवण्याविरुद्ध इशारा दिला होता. लहान कंपन्या या प्रश्नावर चाचरतात.

पत्रकारांच्या यादीसाठी मात्र दोघांनाही पैसे देऊ नका. बड्यांच्या यादीत तालुक्याचा वार्ताहर नसतोच. देवगडवाल्याला म्हटलं, अरे, तुझ्या तालुक्यात पोंभुर्लं आहे. १८३२ साली ६ जानेवारीला ज्यांनी "दर्पण" काढलं त्या बाळशास्त्रींचं गाव. पत्रकार दिनाला तिथे जाऊन उभा राहा, यादी आपोआप होईल.

तर माझं मत, आणि ते आमच्या छोट्या धंद्यापुरतंच: माल परदेशी जात असेल आणि खिसा खोल असेल, तर बडी सेवा घ्या, फक्त कराराच्या शेवटच्या तारखेची नोंद कॅलेंडरात आजच करा. धंदा जिल्ह्यातल्या बातमीवर हलत असेल, तर निदान एक महिना माणसांनी वाचलेली कात्रणं घेऊन बघा.

मला तो महिना पुरला. तिसऱ्याच आठवड्यात पावणेआठला पुण्याहून त्या बाईंचा फोन. "अहो, आतल्या पानावर खाली चार ओळी आहेत. तुमचं नाव नाही, गावाचंही नाही. पण देवळाच्या उत्तरेला पुळणीत सांडपाणी सोडणारे निवासवाले असं म्हटलंय. तुमच्यातलं कुणी आहे का बघा."

होता. अकराच्या आत पाइप काढायला लावला, आणि संध्याकाळी त्या वार्ताहराला चहाला बोलावलं.