ब्लेडला आठ, पट्ट्याला शून्य: नागपूरकराच्या स्कूबा फिन्सचा अनुभव

आधी निकाल, मग रडगाणं. (फिन म्हणजे पाण्याखाली पोहताना पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख.) ओपन-हील, म्हणजे टाच उघडी आणि मागे पट्टा असलेली, प्लास्टिक आणि रबर मिळून केलेलं पॅडल ब्लेड, म्हणजे अखंड पातं, मधल्या किमतीची जोडी. ब्लेड चांगलं. फूट पॉकेट, म्हणजे पाय घालायची जागा, त्याहून चांगलं. टाचेमागचा पट्टा आणि त्याचं बकल निव्वळ भंगार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असंच बकल आणखी दोन-तीन ब्रँडच्या फिनवर पाहिलंय आणि विक्रेत्याशी माझा वाद अजून मिटायचा आहे.

ओपन-हील घेण्यामागे शुद्ध काटकसर होती. फुल-फूट, म्हणजे टाचेसकट पाय झाकणारे, स्वस्त, हलके, बोटीवरून उतरणाऱ्याला पुरेसे. पण ते एकाच पायाच्या मापाचे. ओपन-हीलमध्ये बूटी (पाण्यात घालायचे मऊ बूट) घातली की माझा आणि भाच्याचा, दोघांचेही पाय त्याच जोडीत बसतात, पट्टा तेवढा मागेपुढे करायचा. एका खर्चात दोन माणसं. (माप बूटी घालूनच बघा. दुकानात अनवाणी पाय घालून "बरोबर बसलं" म्हणणारे पुढे पाण्यात बोटं आखडून बसतात.)

आता नागपूरची गोष्ट. फिन्सबद्दल जे काही वाचायला मिळतं ते समुद्रकाठच्या लोकांनी लिहिलेलं असतं. डाइव्ह झाली की गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, झालं. इथे फिनचा शत्रू मीठ नाही, एप्रिल-मे आहे. आमची जोडी वर्षातले मोजके दिवस समुद्रात असते, बाकी सगळा वेळ माळ्यावर. मे 2013 मध्ये या गावात पारा 47.9 अंशांवर गेला होता. गच्चीच्या स्लॅबखालच्या माळ्यावर तेव्हा काय असेल ते बघा. वरून पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद, म्हणजे मेच्या अखेरीपासून दसऱ्यापर्यंत मुक्काम माळ्यावरच.

त्यात पट्टा ताणलेला ठेवला तर संपलंच. ताणलेल्या रबराला हवेतला ओझोन चिरत जातो, आणि चिरा ताणाच्या आडव्या पडतात. माझ्या पट्ट्याची आतली बाजू उलटून पाहिली तर काळ्या मातीच्या शेताला उन्हाळ्यात पडतात तशा बारीक भेगा, एकीला लागून दुसरी. बाहेरून मात्र पट्टा चकचकीत. म्हणून सांगतो, वापरलेली जोडी घेत असाल तर ब्लेड नंतर बघा, आधी पट्टा उलटा करा आणि वाकवा.

शेजारच्या काकांनी व्हॅसलीन चोळायला सांगितलं होतं. चुकूनही चोळू नका. पेट्रोलियमने नैसर्गिक रबर फुगतं आणि सैल पडतं. सिलिकॉन स्प्रे चालतो.

तर तो पट्टा तुटला मालवणला. नागपूर-मडगाव गाडीने कुडाळला उतरून, पुढे रिक्षाने, एवढा द्राविडी प्राणायाम करून आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी बोटीच्या काठावर बसलो. सिलिंडर पाठीवर, मास्क कपाळावर, आणि भाचा म्हणतो, "मामा, हे तुटून राहिलं." बघतो तर उजव्या फिनचं बकल खालच्या खाचेपाशी फाटलेलं आणि पट्टा त्याच्या हातात. बोटवाल्याने जाळ्याची नायलॉन दोरी काढली. "थांबा हां, बांधून देतंय," म्हणाला आणि अशी गाठ मारली की पुढच्या दोन्ही डाइव्ह त्याच गाठीवर निघाल्या. बोटीवर परत चढल्यावर सोडवायला सुरी लागली, ती गोष्ट वेगळी.

नागपूरला आल्यावर विक्रेत्याला फोन. नुसतं बकल द्या, पैसे घ्या, इतकी साधी मागणी. उत्तर: सुटं बकल येत नाही, पूर्ण जोडी मुंबईला पाठवा, कुरिअर तुमचं, तपासून सांगू. बरं, वॉरंटी? "सर, रबर आणि प्लास्टिकचे भाग वॉरंटीत येत नाहीत." आता मला सांगा, फिनमधून रबर आणि प्लास्टिक वगळलं की उरतं काय? खोका? हे मी ई-मेलमध्येही विचारलं. उत्तरात "आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे" असं आलं.

मग आमची इतवारीची बाजारपेठ. बंजी कॉर्ड, म्हणजे सामान बांधायची ती लवचिक दोरी, आठ मिलिमीटर जाडीची. दुकानदाराने फिन हातात घेऊन उलटसुलट केली. "हे काय होय जी?"

"पोहायचं."

"अंबाझरी तलावात?"

समुद्रात म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दोरी हातभर जास्तच दिली. दोनशेच्या आत काम झालं. तरणतलावात वापरून पाहिली, एकदम फर्स्ट क्लास. बकल नाही, आवळणं नाही, ओढा आणि टाचेवर सोडा. कंपन्यांचे हजारो रुपयांचे पट्टे घेणाऱ्यांची मला कीव यायला लागली होती.

इथपर्यंत दिवाळीआधी लिहून ठेवलं होतं. मध्ये पुन्हा मालवण झालं, म्हणून मत सुधारून देतो.

बंजी समुद्रात चालत नाही. म्हणजे चालते, पण दुसऱ्या दिवशी तिच्या विणीत वाळू आणि मीठ बसून ती कडक होते, आणि गाठ बूटीवरून घासत टाच सोलते. तलावात हे कळत नाही, तिथे वाळू नाही. शेवटी स्टेनलेस स्प्रिंगचे पट्टे घेतले. महाग आहेत, फिनच्या किमतीचा चांगला मोठा तुकडा त्यात जातो आणि देताना जीव कासावीस होतो. पण ओझोन, ऊन, माळा, कशाचं काही चालत नाही. अडचण एवढीच की माझ्या फिनवर बकल बसायचा खुंटा कंपनीने स्वतःच्या मापाचा केलाय, बाजारातला स्प्रिंग पट्टा सरळ अडकत नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरने 316 ग्रेडच्या स्टीलच्या पिना करून दिल्या. तो 304 चं म्हणत होता, स्वस्तात. खाऱ्या पाण्यात 304 ला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते टिकतं. चहाच्या पैशात चार पिना.

म्हणून नवी घेणाऱ्याने दुकानात पहिला प्रश्न ब्लेडचा विचारूच नये. यावर साधा स्प्रिंग पट्टा बसतो का, एवढंच विचारावं. "बसेल सर" म्हणाला तर बसवून दाखव म्हणावं.

ब्लेडबद्दलही थोडं, कारण लोक तेच विचारतात. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर स्प्लिट फिन भाड्याने घेऊन पाहिली. मधून चिरलेली असल्याने पोटऱ्यांवर ताण येत नाही, साध्या फ्लटर किकला, म्हणजे पाय आळीपाळीने वरखाली मारायला, मजा येते. पण मालवणला तळाला वाळू, दिसतं आधीच कमी. तिथे फ्लटरने गाळ उठतो आणि मागच्या माणसाच्या शिव्या खाव्या लागतात. तिथे बेडकासारखी फ्रॉग किक हवी, जमलं तर मागे सरकायची बॅक किक, आणि त्याला स्प्लिट फिन पाण्याला धरतच नाही. माझं साधं पॅडल ब्लेड धरतं. करंटमध्येही ते दमवत नाही, म्हणून आधी मनात सात होते त्याचे आठ केले. भाच्याने जोडी भिंतीला टोकांवर उभी करून ठेवल्यामुळे एका ब्लेडचं टोक वळलं होतं. गरम पाण्यात ठेवून, सपाट करून, वर दळणाचा डबा ठेवला, बऱ्यापैकी सरळ झालं. आडवी ठेवा, उभी नको.

सोबतच्या एका दादांकडे स्कूबाप्रोच्या जेट फिन होत्या. 1965 पासून तोच आकार, अख्खी रबराची, ब्लेडला पाणी जायची भोकं. अवजड आणि पाण्यात बुडणारी. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा हवा भरलेला सूट, घालणाऱ्या थंड पाण्यातल्या लोकांचे पाय हवेने वर तरंगतात, त्यांना हे वजन उपयोगी पडतं. आपण तीन मिलिमीटरच्या सूटवर डाइव्ह करणारे. ॲल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होत आलं की पाठ हलकी होते, पायात हे वजन असलं तर पाय खाली लोंबतात आणि आपण उभ्याने चालल्यासारखे पोहतो. शिवाय विमानात पंधरा किलोचं सामान. अंदमानला जायचं तर चेन्नई किंवा कोलकात्याला बदलून, त्यात अडीच-तीन किलो फिनचेच कोण भरणार? दादांचं म्हणणं, या जोड्या पोरांच्या पोरांना जातात. जात असतील. पण त्यांनीही रबरी पट्टा काढून स्प्रिंगच लावली होती, हे मी नीट पाहून घेतलं.

मालवणला पहिल्यांदाच पाण्यात जाणार असाल तर यातलं काहीच घेऊ नका. हौशी पर्यटकांना तिथे बरेचदा फिन देतही नाहीत, प्रशिक्षक धरून नेतो. कोर्स करायचा ठरला तर आधी भाड्याने वापरा.

हे टाकायच्या आदल्या दिवशी विक्रेत्याचा फोन आला. सुटं बकल आलंय म्हणे. एकच आलंय. कुरिअरचा खर्च बकलपेक्षा जास्त. म्हटलं, दुसरं आलं की दोन्ही एकाच पाकिटात पाठवा.