शिंगं घरी येणार नाहीत: पहिल्या परदेशी शिकारीसाठी स्कॉटलंड, न्यूझीलंड की टेक्सास?

देवगडचा एक बागायतदार मित्र गेल्या पावसाळ्यात आमच्या ओटीवर येऊन बसला. चहा संपला तरी उठेना. मग हळूच म्हणाला, "एकदा हरणाची शिकार करायची आहे. कायद्याने, परवान्याने, जिथे चालते तिथे जाऊन. कुठे जाऊ?" आतून काकी ओरडली, "हरणां मारूक इतक्या लांब कित्याक जातंस रे मेल्या?"

काकीला उत्तर सोपं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हरणाच्या शिकारीचा विषयच संपला. मुरुडजवळचं फणसाड एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, आज ते अभयारण्य आहे. आमच्या घरात आजोबांच्या वेळची बंदूक अजून आहे, पण ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि बाकी वर्षभर वानरांना आवाज ऐकवण्याचं काम करते. भेकराकडे ती वळवली तर जेल. ते तसंच असावं, असं माझंही मत आहे.

मित्राचा प्रश्न मात्र ओटीवर संपणारा नव्हता. मी स्वतः दोन ठिकाणी जाऊन आलोय: टेक्सासला (भाऊ ह्यूस्टनला असतो म्हणून) आणि स्कॉटलंडला. न्यूझीलंडची चौकशी व्हिसापर्यंत नेली आणि आंब्याने अडवलं. त्यामुळे खालची तुलना तटस्थ वगैरे नाही, स्कॉटलंडकडे झुकलेली आहे.

पहिली गोष्ट शिंगांची. बहुतेक लोक शिंगांचे फोटो बघून ठिकाण निवडतात आणि तिथेच फसतात. वन्यप्राण्यांचे अवयव, पेंढा भरलेलं डोकं, कातडं असलं काही भारतात आणता येत नाही. कस्टमवाले विमानतळावरच थांबवतील. मांसही बॅगेत घालू नका. म्हणजे जे काही मिळेल ते तिथेच राहणार, तुमच्याबरोबर येणार फोटो आणि गुडघ्याचं दुखणं. आणि परदेशात शिकारीचा दर बहुतेक ठिकाणी शिंगांवर ठरतो. न्यूझीलंडच्या कुंपणातल्या इस्टेटींवर (शिकारीसाठी राखलेल्या मोठ्या खासगी जमिनींवर) शिंगांची मापं काढून गुण देतात, आणि गुण वाढले की भाव कित्येक हजार डॉलरच्या पायऱ्यांनी चढतो. पेटी डझनाची आणि भाव फळाच्या वजनावर, तसाच प्रकार. जी शिंगं तुमच्या भिंतीवर लागणारच नाहीत, त्यांचे पैसे का मोजायचे?

हे एकदा मान्य केलं की दुसरी गोष्ट येते, ती कॅलेंडरची. बागायतदाराला वर्षात मोकळे दिवस किती असतात ते सांगायला नको.

न्यूझीलंडमध्ये लाल हरणाचे नर मार्चअखेर ते एप्रिलमध्ये माजावर येतात आणि डोंगरभर डरकाळ्या फोडतात. तिथे त्याला 'रोअर' म्हणतात. त्या आवाजावरून नर शोधायचा, किंवा तसाच आवाज काढून त्याला जवळ बोलवायचा, हीच तिथली खरी मजा. पण एप्रिलमध्ये हापूस सोडून जाणारा बागायतदार मी अजून पाहिलेला नाही. अर्जेंटिनातही तोच काळ. तिथल्या ला पाम्पा प्रांतात पेद्रो लुरो नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाल हरणं आणून सोडली, आज त्या जागेचं उद्यान आहे. देश सुंदर असेल, पण भाषा स्पॅनिश, अंतर अफाट आणि हंगाम आंब्याचाच. पहिल्या खेपेला नको.

टेक्सासला पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात उघडतो. आपल्याकडे तेव्हा मोहोर आणि फवारण्या. पण तिथे आणखी एक प्राणी आहे, ज्याला हंगामच नाही: आपलं चितळ! 1932 च्या सुमारास ते टेक्सासात नेलं आणि एडवर्ड्स पठारावर त्याला इतकं मानवलं की कुंपणं ओलांडून पसरलं. बाहेरून आणलेला प्राणी म्हणून त्याला सरकारी हंगाम लागू नाही, जमीनमालकाने हो म्हटलं की बारा महिने चालतं. नरांची शिंगं बहुतांशी मे ते जुलैत पक्की असतात. म्हणजे आंबा आटोपून पाऊस लागला की निघा. तारखा बघितल्या तर टेक्सासला तोड नाही.

स्कॉटलंडचं गणित जरा गुंतागुंतीचं. तिथे लाल हरणाचे नर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात माजावर येतात. पूर्वी नरांचा हंगाम 1 जुलै ते 20 ऑक्टोबर असे. 2023 च्या ऑक्टोबरपासून नरांसाठी बंद काळच काढून टाकला, तरी इस्टेटी पाहुण्यांना नरासाठी शरद ऋतूतच नेतात. आता आपले सण मोजा. गणपती, मग पितृपक्षात घरचा म्हाळ, मग नवरात्र. यातला एकही दिवस घरातून हलता येत नाही, आणि नवरात्रात हरीण मारून आलो हे आईला कोण सांगणार? दसरा लवकर आला तर आठ-दहा दिवस हाती लागतात. अधिक महिन्याच्या वर्षी दसरा पार 20 ऑक्टोबरच्या आसपास किंवा पुढे जातो आणि नरांचा जोर ओसरलेला असतो.

माझा सल्ला इथे लोकांना विचित्र वाटतो: नराचा नाद सोडा, मादीला जा. माद्यांचा हंगाम 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी. दसरा झालेला, भात घरात आलेलं किंवा येत असलेलं, मोहोराच्या फवारण्या अजून लागायच्या. नराचा दर शेकड्यांत पौंड असतो, मादीचा त्याहून बराच कमी. शिंगंच नाहीत, तर शिंगांचा भावही नाही.

मित्राचा चेहरा पडला. आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांचा नियम होता, मादीवर बार टाकायचा नाही. तो नियम आपल्या रानासाठी बरोबर होता. स्कॉटलंडात लांडगे केव्हाच संपले, हरणं दहा लाखांच्या आसपास सांगतात, आणि ती कोवळी रोपं खाऊन जंगल वर येऊ देत नाहीत. नर कितीही मारले तरी संख्या हटत नाही. ती घटते ती माद्या कमी केल्यावर. इस्टेटीला दरवर्षी ठरलेला आकडा पुरा करावाच लागतो, पाहुणा आला किंवा नाही आला तरी. तुम्ही त्या कामातला एक दिवस विकत घेता.

पण एक गोष्ट लपवणार नाही, कारण मला ती आधी कोणी सांगितली नव्हती. ऑक्टोबरअखेर पाडसं अजून आईबरोबरच असतात. पाडस असलेली मादी मारायची तर पाडसालाही मारतात, आणि सहसा आधी त्यालाच, म्हणजे ते मागे एकटं उपाशी मरू नये. तर्क पटतो. पोटात गोळा येतो तो येतोच. भाकड मादी मिळाली तर प्रश्न येत नाही, आणि सोबतचा शिकारी, ज्याला तिथे 'स्टॉकर' म्हणतात, तो नवख्या पाहुण्यासाठी बहुधा तशीच शोधतो. तुम्हाला हे जमणार नसेल तर मादीचा विचार आत्ताच सोडा आणि टेक्सासचं तिकीट काढा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रत्यक्ष शिकारीत काय फरक पडतो?

टेक्सासला मला पहाटे एका उंच लाकडी खोक्यात बसवलं. मचाणच ते, फक्त खुर्ची, खिडकी आणि वर पत्रा. समोर शंभर पावलांवर मक्याचं यंत्र. घड्याळाच्या ठोक्याला ते फिरतं, दाणे उधळतं आणि चितळं येतात. अंधारात ती ओरडली तेव्हा अंगावर काटा आला, कारण तोच आवाज मी ताडोबात ऐकला होता. उजाडलं, नर आडवा उभा राहिला, बार टाकला, संपलं. मांस उत्तम. वाटाड्या सज्जन, गुडघे शाबूत. तरी परत येताना वाटलं, यात मी नक्की काय केलं? साठीच्या पुढच्या माणसाला किंवा पाठीचा त्रास असणाऱ्याला मात्र मी टेक्सासच सांगेन.

स्कॉटलंडात आधी परीक्षा होती. स्टॉकरने मला जमिनीवर पालथं झोपवून शंभर मीटरवरच्या कागदावर तीन बार टाकायला लावले. तो रायफल तपासत नव्हता, मला तपासत होता. ठासणीची बंदूक हाताळलेल्या माणसाला दुर्बीण लावलेली रायफल परकी असते. डोळा फार जवळ नेला तर धक्क्याने भुवई फुटते. माझी फुटली नाही, पण चष्मा वाकला. मग चालणं. वारा मानेवर आला की स्टॉकर थांबे आणि आम्ही सगळी टेकडी वळसा घालून जात असू. शेवटचे दोनशे मीटर ओढ्यातून पोटावर. पावसाची आपल्याला सवय आहे असं मी समजत होतो, पण आपला पाऊस ऊबदार असतो. तो पाऊस हाडात शिरतो. पहिल्या दिवशी वारा फिरला आणि कळप गेला. बार नाही. दुसऱ्या दिवशी एक भाकड मादी, दीडशे मीटरच्या आत. कोथळा तिथेच डोंगरावर काढला, दोरीने ओढत वाटेपर्यंत आणली, मग आठ चाकांच्या छोट्या गाडीतून खाली. मांस इस्टेटीचं. ते थंड खोलीत टांगून विकतात. मला एक तुकडा रात्री जेवायला मिळाला.

न्यूझीलंडचं ऐकीव सांगतो, पण चौकशी पुरी केलेली आहे. तिथे वटवाघळं सोडली तर मूळचे जमिनीवरचे सस्तन प्राणीच नव्हते. लाल हरणं 1851 पासून ब्रिटिशांनी नेऊन सोडली, ती इतकी वाढली की 1930 च्या दशकात सरकारने पगारी माणसं ठेवून मारली. आज सरकारी वनजमिनीवर परवाना फुकट मिळतो आणि बहुतेक ठिकाणी हंगामाचं बंधन नाही. ऐकायला स्वस्त वाटतं, पण ते डोंगर आपले आपण चढणाऱ्याचे आहेत. वाटाड्याबरोबर जायचं तर एक तर पायपिटीची उघड्या रानातली शिकार, नाही तर कुंपणातली. बुकिंगच्या आधी 'कुंपण आहे का, आणि आतलं रान किती मोठं?' हे लेखी विचारा, कारण फोटोत कुंपण कधीच दिसत नाही. आणि बूट! आपल्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, तांबडी माती बुटांच्या खाचांत राहिली आणि ती विमानतळावर जाहीर केली नाही, तर तिथल्या तिथे 400 न्यूझीलंड डॉलर दंड. टूथब्रशने घासून न्या.

बंदुकीचं थोडक्यात. आपली बंदूक नेऊच नका, कागद पुरे करता करता वर्ष जाईल. ब्रिटनमध्ये 17 वर्षांवरच्या पाहुण्याला खासगी जमिनीवर, बंदूक देणाऱ्याच्या समक्ष, इस्टेटीची रायफल वापरता येते, वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. न्यूझीलंडात परवानाधारक अगदी शेजारी असला की चालतं. अमेरिकेत मात्र जपून: पर्यटक व्हिसावरच्या परदेशी माणसाने रायफल हातात घेणं हाच मुळात गुन्हा आहे, आणि त्यातून सुटका म्हणजे राज्याचा शिकारीचा परवाना. तो आधी खिशात, मग रायफल हातात. टेक्सासचा पाच दिवसांचा परवाना 48 डॉलरला मिळतो आणि चितळाला पुरतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी 315 डॉलरचा लागतो. 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं प्रशिक्षण किंवा त्यातून एकदाची तात्पुरती सूटही लागते. वाटाड्याला विचारलं की तो मार्ग सांगतो. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर मुंबईतली मुलाखतीची तारीख आधी मिळवा, बाकी सगळं नंतर.

चितळाला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मेलेल्या चितळाबरोबर तुम्ही दिसलात की वनखात्याकडे पहिला फोन तुमच्या भाऊबंदांपैकीच कोणी तरी करेल. परवाना आणि पावती जपून ठेवा.

पैसे भरताना एक कलम नीट वाचा. हरीण जखमी होऊन निसटलं तरी बहुतेक ठिकाणी पूर्ण पैसे लागतात. रक्त सांडलं की हिशेब झाला. मी एका ठिकाणी (नाव नको) हे न वाचता आगाऊ रक्कम भरली होती आणि तारीख बदलल्यावर अर्धीही परत आली नाही. वाटाडा एकट्यासाठी की दोघांत एक, राहणं-जेवण धरून दर की सोडून, हेही तेव्हाच विचारायचं. प्रवासविम्यात शिकार धरलेली आहे का तेही.

मित्राने शेवटी स्कॉटलंड धरलं. दसऱ्यानंतरचे दोन दिवस, माद्यांचे. सध्या रोज सकाळी गमबूट घालून सडा चढतो-उतरतो, आणि लोक विचारतात याला झालंय काय. इस्टेटीला त्याने मेलमध्ये लिहिलं की मला फक्त भाकड मादी हवी, पाडस नको. उत्तर एका ओळीचं आलं: ते डोंगरावर स्टॉकर ठरवेल.